संथ चार्जिंगचा दोष नेमका कुठे शोधावा?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विजेवर चालणारी मोटार घेतलेल्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. रात्री प्लग लावून झोपावे आणि सकाळी पाहावे तर बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली. या तक्रारीवर ऐकीव माहितीच्या आधारे जे उपाय केले जातात, ते पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. कोणी सात किलोवॅटचा नवा चार्जर भिंतीवर बसवून घेतो आणि वेग तसूभरही वाढत नाही. कोणी एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून अधिक अँपिअरचा बसवतो, पण भिंतीतली वायर मात्र आहे तीच ठेवतो. कोणी गाडीच सदोष निघाली असे धरून विक्रेत्याशी भांडत बसतो. घरगुती वीजजोडण्या तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, त्या अनुभवावरून माझे म्हणणे असे की, घरी गाडी संथ भरत असेल तर बहुतेक वेळा काहीही मोडलेले नसते. सॉकेटपासून बॅटरीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी प्रवाहावर मर्यादा घातलेली असते. ती मर्यादा कोणी आणि का घातली हे आधी समजून घ्यावे, आणि मगच ती हलवायची की तशीच राहू द्यायची हे ठरवावे.

त्यासाठी पहिले काम आकडा वाचण्याचे. चार्जिंग चालू असताना बहुतेक गाड्यांच्या पडद्यावर किंवा मोबाइलमधील ॲपवर किलोवॅट दिसतात, पण पुष्कळांचे लक्ष असते ते ‘अजून नऊ तास’ या ओळीकडे. तासांचा आकडा फसवा असतो, कारण बॅटरी किती रिकामी होती, ती किती टक्क्यांपर्यंत भरायची ठरवली आहे आणि वाटेत किती वीज उष्णतेत गेली, हे सगळे त्यात मिसळलेले असते. किलोवॅटचा आकडा सरळ असतो: व्होल्ट गुणिले अँपिअर, भागिले एक हजार. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर 10 अँपिअर घेतले तर 2.3 किलोवॅट मिळतात, 16 अँपिअरला जवळपास 3.7 आणि 32 अँपिअरला जवळपास 7.4. ज्या देशांत घरगुती पुरवठा 120 व्होल्टचा आहे, तिथे साध्या सॉकेटमधून 12 अँपिअर घेऊनही दीड किलोवॅट पुरते होत नाहीत. एक किलोवॅट एक तास चालला की एक युनिट होते, एवढे लक्षात ठेवले की पुढचा हिशेब कागदाच्या कपट्यावर करता येतो. 60 युनिटांची बॅटरी 2.3 किलोवॅटने भरायची म्हटली तर नुसत्या भागाकाराने 26 तास येतात, आणि सॉकेटमधून घेतलेल्या विजेपैकी दहा-पंधरा टक्के वाटेतच खर्च होतात हे धरले तर हा आकडा तिसाच्या घरात जातो. अशी गाडी रात्रभरात भरली नाही याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच सॉकेटवर, दिवसाला 40 किलोमीटर फिरणारी आणि शंभर किलोमीटरला 15 युनिटे खाणारी गाडी मात्र तीन तासांत आपला रोजचा खर्च भरून काढते. म्हणून तक्रार करण्यापूर्वी आपली रोजची गरज किती, हेही एकदा मांडून पाहावे. पुष्कळ तक्रारी तिथेच निकालात निघतात.

आकडा अपेक्षेपेक्षा कमी आहे असे खरोखरच दिसले, तर पहिली शंका गाडीच्या क्षमतेबद्दल घ्यावी. भिंतीवर बसवलेली पेटी, जिला आपण चार्जर म्हणतो, विजेचे रूपांतर करीत नाही. ती सुरक्षिततेची तपासणी करून वीज गाडीकडे सोडते, इतकेच. प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाचे एकदिश (डीसी) प्रवाहात रूपांतर करण्याचे काम गाडीच्या पोटातला ऑनबोर्ड चार्जर करतो आणि त्याची क्षमता कारखान्यातच ठरलेली असते. ती 3.3 किलोवॅट असेल तर भिंतीवर 7.4 किलोवॅटची पेटी लावा नाहीतर 22 किलोवॅटची, गाडी 3.3 च घेणार. थ्री-फेजच्या, म्हणजे तीन वेगवेगळ्या तारांतून वीज येणाऱ्या जोडणीच्या बाबतीत याहून चमत्कारिक वाटणारा प्रकार घडतो. 11 किलोवॅटच्या थ्री-फेज पेटीत प्रत्येक फेजवर 16 अँपिअर असतात. तिला एकाच फेजवर 7.4 किलोवॅट घेणारी गाडी जोडली, तर गाडीला त्या एका फेजचे 16 अँपिअर, म्हणजे 3.7 किलोवॅटच मिळतात. हीच गाडी 7.4 किलोवॅटच्या सिंगल-फेज पेटीवर दुप्पट वेगाने भरली असती. अधिक मोठी पेटी घेऊन निम्मा वेग पदरात पडलेल्या ग्राहकाला हे आधी कोणीतरी सांगायला हवे होते.

दुसरी मर्यादा पेटीची आणि केबलची. प्लग लावल्याबरोबर पेटी आणि गाडी यांच्यात एका बारीक तारेवरून संवाद सुरू होतो, आणि त्याची रीत आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेली आहे. पेटी सेकंदाला हजार वेळा वरखाली होणारा संकेत पाठवते. प्रत्येक आवर्तनात तो संकेत किती टक्के वेळ वर राहतो, यावरून किती अँपिअर घेण्याची मुभा आहे हे गाडी ओळखते. घरगुती मर्यादेत त्या टक्केवारीला 0.6 ने गुणले की अँपिअर मिळतात. संकेत 50 टक्के वेळ वर राहिला तर 30 अँपिअरची परवानगी, 10 टक्के राहिला तर 6 अँपिअरची, आणि 6 च्या खाली या पद्धतीने चार्जिंग होतच नाही. सुट्या केबलचीही आपली ओळख असते. युरोपीय घडणीच्या टाइप 2 केबलच्या प्लगमध्ये एक रोधक (प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा लहान भाग) बसवलेला असतो, तो 220 ओमचा असेल तर केबल 32 अँपिअरची आणि 680 ओमचा असेल तर 20 अँपिअरची समजली जाते. पेटी, केबल आणि गाडी या तिघांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, त्याचेच चालते. त्यामुळे जुन्या गाडीबरोबर आलेली कमी क्षमतेची केबल नव्या पेटीला लावली की वेग गुपचूप खाली येतो आणि कोणताही लाल दिवा लागत नाही, कारण यंत्रणेच्या दृष्टीने काही चुकलेलेच नसते.

पेटी बसवणाऱ्या कारागिराने झाकणाच्या आत लहान स्विच सरकवून किंवा ॲपमधून कमाल प्रवाह ठरवलेला असतो, आणि तो कारखान्याच्या सुरक्षित आकड्यावर तसाच राहून गेल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात. घरातील एकूण भार सांभाळणारी व्यवस्था असेल तर मुख्य तारेभोवती एक कड्यासारखा संवेदक बसवलेला असतो. गिझर, वातानुकूलन यंत्र किंवा शेगडी चालू झाली की तो पेटीला प्रवाह कमी करायला लावतो, आणि ते योग्यच आहे. मात्र तो उलट्या दिशेने किंवा चुकीच्या तारेवर बसवला गेला तर घरात एकही उपकरण चालू नसताना पेटीला घर भाराखाली असल्याचा भास होतो आणि ती 6 अँपिअरवर अडून बसते. छपरावर सौरपट्ट्या असतील आणि पेटी ‘फक्त शिल्लक वीज’ या पर्यायावर राहिली असेल, तर ढगाळ दिवशी असेच होते. या सगळ्या गोष्टी सेटिंगमध्ये पाहून काही मिनिटांत कळतात. त्यासाठी नवी पेटी घेण्याची गरज नसते.

आता ज्या कारणाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते सांगतो, कारण त्यात वेगाबरोबर घराच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. गाडीबरोबर मिळणारा सुटा चार्जर साध्या सॉकेटमध्ये लावला जातो. चार्जिंग 16 अँपिअरवर सुरू होते, अर्ध्या-पाऊण तासाने ते 10 किंवा 8 वर येते, आणि थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावले की पुन्हा 16 पासून सुरू होते. हा नमुना दिसला की सॉकेट तापत आहे असे समजावे. अनेक चार्जरच्या प्लगमध्येच तापमान मोजणारा संवेदक असतो आणि पिन तापली की तो प्रवाह उतरवतो. इस्त्रीलाही बराच प्रवाह लागत असला तरी ती काही मिनिटांत बंद होते, मधूनमधून तिचा थर्मोस्टॅटही तिला विश्रांती देतो. गाडी मात्र त्याहून मोठा प्रवाह सात-आठ तास अखंड घेते. स्प्रिंग सैल झालेल्या सॉकेटमध्ये पिन आणि पत्रा यांच्यातला रोध दहा शतांश ओम जरी झाला, तरी 16 अँपिअरला त्या एका ठिपक्यावर 25 वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. लहान सोल्डरिंग आयर्न तेवढ्यावर तापते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने प्रवाह 10 अँपिअरवर आणला की तीच उष्णता 10 वॅटवर येते. चार्जर स्वतःहून प्रवाह कमी करतो तो याच हिशेबाने.

असे सॉकेट उघडून पाहिले तर बहुधा एकच दृश्य दिसते. पिनेचा पितळी रंग काळपट-निळसर झालेला असतो, तोंडाचे पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडून किंचित वाकलेले असते, आणि मागे टर्मिनलच्या स्क्रूखाली बहुतारी वायरचे काही धागे दाबलेले, तर काही बाहेर मोकळे राहिलेले असतात. वायरवरचे आवरण टर्मिनलपाशी कडक होऊन बोटाने मोडते. जळक्या मासळीसारखा एक वास येतो, तो एकदा ओळखीचा झाला की खोलीत शिरताच कळतो. सॉकेटच्या तोंडावर पंखा लावणे किंवा दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन बोर्ड ओढून आणणे हे उपाय मी प्रत्यक्ष पाहिले आहेत, आणि ते दोन्ही सोडून द्यावेत. पंख्याने प्लग थंड राहतो, पण भिंतीतले टर्मिनल तापायचे ते तापतेच. एक्स्टेंशन बोर्डाने आणखी दोन सैल जोड आणि वीतभर-हातभर नव्हे तर कित्येक मीटर बारीक वायर वाटेत येते. शिवाय ती गुंडाळीवरच राहिली असेल तर आतल्या आत तापून वितळते. सॉकेट चांगल्या प्रतीचे, सततच्या भारासाठी बनवलेले असावे, वायरच्या टोकाला लग किंवा फेरूल (धागे एकत्र धरणारी धातूची टोपी) घालून स्क्रू नीट आवळलेला असावा आणि त्या सर्किटवर दुसरे काही नसावे. हे काम मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमननेच करावे. तोवर गाडीच्या सेटिंगमधून प्रवाह 10 अँपिअरवर ठेवला तर वेळ जास्त लागेल, पण सॉकेट कमी तापेल.

एमसीबी सारखा पडतो या तक्रारीचेही मूळ पुष्कळदा इथेच असते. 16 अँपिअरच्या एमसीबीमधून तासन्‌तास 16 अँपिअर वाहू लागले आणि तो इतर तापलेल्या एमसीबींच्या शेजारी वीजफलकाच्या बंद डब्यात असला, तर त्याची उष्णतेवर चालणारी पट्टी वाकून तो पडणारच. काही देशांच्या नियमांत सततचा भार सर्किटच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंतच धरतात, तो याच कारणाने. अशा वेळी एमसीबी 25 किंवा 32 अँपिअरचा बसवणे म्हणजे भिंतीतल्या वायरचे संरक्षण काढून घेणे होय. एमसीबी वायरला सांभाळण्यासाठी असतो; वायर बदलल्याशिवाय तो मोठा करायचा नसतो. पूर्ण 32 अँपिअर हवे असतील तर मेन बोर्डापासून स्वतंत्र सर्किट ओढावे, त्याला साधारणतः 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर लागते आणि अंतर जास्त असेल तर त्याहूनही जाड. घराचा मंजूर भार तेवढा आहे का, हेही त्याआधी पाहावे.

पुरवठ्याचा दाब कमी असला तरी वेग उतरतो. गाडी ठरलेले अँपिअर घेते, पुरवठ्यात व्होल्ट कमी पडले म्हणून ती जास्त अँपिअर ओढत नाही. त्यामुळे 230 च्या जागी 200 व्होल्ट मिळाले तर 16 अँपिअरचे 3.7 ऐवजी 3.2 किलोवॅट होतात. व्होल्टची घट बाहेरून आली की घरातच झाली, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. चार्जिंग सुरू होण्यापूर्वी आणि पूर्ण प्रवाह वाहत असताना, अशी दोन वेळा सॉकेटपाशी व्होल्ट मोजावेत. आधीच कमी असतील तर प्रश्न बाहेरच्या पुरवठ्याचा. भार पडल्यावर दहा-बारा व्होल्ट किंवा त्याहून अधिक उतरत असतील तर घरातली वायर किंवा एखादा जोड संशयित. 30 मीटर दूर असलेल्या सॉकेटपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची वायर नेली असेल, तर जाऊन-येऊन 60 मीटर तांब्यात 16 अँपिअरला सुमारे 11 व्होल्ट खर्च होतात. तीच वायर अडीचची असती तर सुमारे 7 झाले असते. काही गाड्या अशी घसरण ओळखून सैल जोडाच्या शंकेने स्वतःच प्रवाह कमी करतात. प्रवाह मोजायला वायरमनकडे टाँग टेस्टर असतो. त्याच्या जबड्यात फेजची एकटी तार घ्यावी लागते, अख्खी केबल घेतली तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडून शून्य दिसते. हे सांगण्याचे कारण असे की, याच शून्यावर ‘चार्जिंगच होत नाही’ असे निदान झाल्याचे माझ्या पाहण्यात आहे.

बॅटरीच्या स्वभावाबद्दल थोडे. कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरी वेगाने भरली तर आत धातूचा थर साचून तिचे कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून गाडी आधी बॅटरी गरम करते किंवा प्रवाह हात राखून घेते. त्या वेळी सॉकेटमधून वीज जात असते पण टक्के वाढत नाहीत. शेवटच्या काही टक्क्यांत वेग मंदावणे आणि शंभरावर पोहोचूनही काही वेळ चार्जिंग चालू राहणे हेही ठीकच, कारण त्या काळात सेल एकमेकांशी समतोल केले जातात. वेळापत्रक लावून ठेवल्याचे विसरणे आणि 80 टक्क्यांची मर्यादा स्वतःच घालून ठेवणे यांचा उल्लेख केवळ यादी अपुरी राहू नये म्हणून करतो. फार कमी प्रवाहही परवडत नाही. चार्जिंग चालू असताना गाडीतले संगणक, पंप वगैरे मिळून काहीशे वॅट खातात, त्यामुळे 6 अँपिअरच्या दीडेक किलोवॅटमधला बराच मोठा वाटा बॅटरीपर्यंत पोहोचतच नाही.

एवढे तपासूनही उलगडा होत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. तीच गाडी दुसऱ्या ठिकाणच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या पेटीवर नेऊन लावावी. तिथे पूर्ण वेग मिळाला तर दोष घरचा, तिथेही तोच कमी आकडा आला तर गाडीचा किंवा केबलचा. दुसऱ्या कोणाची गाडी आपल्या पेटीवर लावून पाहिली तर उलट बाजूने तीच खातरजमा होते. जलद चार्जिंगच्या केंद्रावर गाडी झपाट्याने भरली म्हणून तिचा ऑनबोर्ड चार्जर ठीक आहे असे मात्र धरू नये, कारण तिथली एकदिश वीज त्याला वगळून थेट बॅटरीत जाते. सेवा केंद्रातही ‘जलद केंद्रावर तर नीट चालते’ असे उत्तर देऊन ग्राहकाची बोळवण केली जाते, तेव्हा हा मुद्दा आवर्जून मांडावा. थ्री-फेज ऑनबोर्ड चार्जर काही गाड्यांत तीन भागांचा बनलेला असतो. त्यातला एक भाग निकामी झाला की 11 किलोवॅटचे 7.4 होतात, दोन झाले की 3.7 उरतात. घरी आणि बाहेर दोन्हीकडे असा नेमका तिसऱ्या हिश्शाने उतरलेला आकडा दिसला, तर केबलमधला एखादा फेज तुटलेला नाही एवढे पाहून मग गाडी दुरुस्तीला न्यावी, आणि सोबत पडद्यावरच्या आकड्यांची छायाचित्रे न्यावीत.

विक्रेत्यांकडून आणि जोडणी करून देणाऱ्यांकडून एक अपेक्षा आहे. गाडीच्या जाहिरातीत जलद चार्जिंगचा आकडा ठळक असतो आणि ऑनबोर्ड चार्जरची क्षमता माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात असते, किती फेजवर हे तर बहुधा नसतेच. गाडी ताब्यात देताना ही क्षमता फेजसह एका कागदावर लिहून द्यावी. पेटी बसवणाऱ्यानेही सर्किटवरचा एमसीबी, वायरची जाडी आणि लांबी, पेटीत ठरवलेला कमाल प्रवाह आणि पूर्ण भारावर मोजलेले व्होल्ट याच कागदाच्या पाठीवर लिहून सही करावी. यासाठी त्याला वेगळे काही मोजावे लागत नाही. काम नीट केले असेल तर हे आकडे त्याच्या हातात असतातच. पुढे वेग उतरला की मालकाने पडद्यावरचा आकडा या कागदाशी ताडून पाहावा आणि फरक कोणाच्या बाजूला पडतो ते पाहून वायरमनला बोलवावे किंवा सेवा केंद्राला.

कळावे.

आपला विश्वासू,
एक वाचक